ट्रकची सुरक्षितता: इतर देशांकडून आपण काय घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान गाडीमालक, ड्रायव्हर, ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसणारी मंडळी आणि ट्रकने माल पाठवणाऱ्या कारखानदारांसाठी आहे. घरातलं कुणी ट्रकवर असेल, तर त्यांनीही जरूर वाचावं.

तिकडचे रस्ते चांगले, शिस्त चांगली. आपण त्यांच्याकडून शिकायचं ते काय?

रस्त्यांचा फरक खरा आहे. पण ज्या देशांनी ट्रकचे अपघात आटोक्यात आणले, त्यांनी फक्त डांबर ओतलं नाही. अपघात झाला की ते एक प्रश्न जास्तीचा विचारतात: ही गाडी या वेळी, या वजनासकट, या ड्रायव्हरच्या हाती रस्त्यावर पाठवली कुणी?

आपल्याकडे चौकशी बहुतेक वेळा स्टिअरिंगपाशी संपते. ‘चालकाचा ताबा सुटला’ एवढं लिहिलं की पंचनामा पूर्ण. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा आहे. इतक्या मृत्यूंचं कारण एकेका माणसाच्या चुकीत शोधत बसलो, तर हाती फारसं काही लागत नाही. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झिरो’ धोरण मान्य केलं. माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मरण असू नये अशी व्यवस्था उभारणं हे व्यवस्था चालवणाऱ्यांचं काम, हे त्या धोरणात गृहीत धरलं आहे. पुढची बरीचशी उत्तरं याच विचाराच्या वेगवेगळ्या अंमलबजावणीबद्दल आहेत.

टॅकोग्राफ टॅकोग्राफ म्हणतात, तो करतो काय?

युरोपात साडेतीन टनांवरच्या मालगाडीच्या केबिनमध्ये कारच्या टेपएवढी एक पेटी असते. ड्रायव्हर ड्युटीवर आला की स्वतःच्या नावाचं कार्ड तिच्यात घालतो. गाडी हलली की ‘ड्रायव्हिंग’ची नोंद आपोआप सुरू होते. गाडी उभी असताना आपण काय करतोय ते त्याने बटण दाबून सांगायचं. पडद्यावर त्यासाठी चिन्हं असतात: माल भरणं-उतरवणं किंवा दुसरं काम चालू असेल तर दोन हातोडे, विश्रांती असेल तर पलंग. रस्त्यात अडवणारा अधिकारी कार्डावरची नोंद वाचतो किंवा पेटीतून कागदाची पट्टी छापून घेतो. कोण किती वाजता निघाला, कुठे थांबला, सगळं त्यात येतं.

हे मोजायचं कशासाठी, तर २००६ च्या युरोपीय नियमासाठी. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच ते १० पर्यंत नेता येतं. आठवड्याला ५६ तास, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. दिवसाची विश्रांती ११ तास, आणि आठवड्याची मोठी सुट्टी ४५ तासांची. ही ४५ तासांची सुट्टी केबिनमध्ये झोपून काढता येत नाही. मालकाने अंथरूण-पांघरुणाची धड जागा स्वतःच्या खर्चाने द्यायची.

त्याच नियमाचं दहावं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. जास्त किलोमीटर किंवा जास्त माल यांवर ड्रायव्हरचा पगार किंवा बक्षीस ठरवायला तिथे बंदी आहे, जर त्यामुळे रस्त्यावर धोका वाढत असेल किंवा नियम मोडायला उत्तेजन मिळत असेल. आणि माल पाठवणाऱ्याने, बुकिंग एजंटने ट्रान्सपोर्टवाल्याशी ठरवलेली वेळ या तासांत बसणारी असलीच पाहिजे, हीही त्यांच्यावर जबाबदारी आहे. ‘उद्या सकाळी आठला माल पोहोचलाच पाहिजे, कसा ते तुमचं तुम्ही बघा’ असं म्हणून मोकळं होता येत नाही.

आपल्याकडे कामाच्या तासांचा कायदाच नाही ना?

आहे, आणि १९६१ पासून आहे. मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत जाता येत होतं. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलमही याच तासांकडे बोट दाखवतं. म्हणजे कागदावर आपले तास युरोपपेक्षा कडक आहेत.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, तास मोजणारं गाडीत काही नाही. नोंदवही असली तरी ती ऑफिसात, महिनाअखेरीस, एकाच पेनाने भरलेली असते. दुसरी, १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायालाच लागू होता. आपल्याकडच्या ट्रकचा मोठा हिस्सा एकदोन गाड्या असलेल्या मालकांच्या हातात आहे, आणि त्यांतले कितीतरी मालक स्वतःच ड्रायव्हर आहेत. ज्याला झोपेची सगळ्यात जास्त गरज, तोच कायद्याच्या बाहेर राहिला.

मग सगळ्या गाड्यांना मशीन बसवलं की प्रश्न सुटेल?

नाही. याचा धडा अमेरिकेकडून घ्यावा. तिथे डिसेंबर २०१७ पासून तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. त्याआधी कागदी लॉगबुक असायचं आणि त्यात हवं ते लिहिलं जायचं. नियम असा: सलग १० तास विश्रांती घेऊन ड्युटी सुरू केली की पुढच्या १४ तासांच्या आतच ११ तास गाडी चालवता येते. १४ तासांचं हे घड्याळ एकदा सुरू झालं की गोदामाच्या दारात ताटकळत घालवलेला वेळही त्यातच मोजला जातो.

मशीन आल्यावर तास पाळले जाऊ लागले. पण सक्तीनंतरचे आकडे संशोधकांनी तपासले तेव्हा अपघात घटल्याचं दिसलं नाही, उलट छोट्या कंपन्यांच्या ड्रायव्हरांचं वेगमर्यादा मोडणं वाढलेलं आढळलं. कारण उघड आहे. तिथल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांना पैसे मैलावर मिळतात. माल भरायला चार तास गेले, तर त्या वेळेचे पैसे बहुधा नाहीत आणि घड्याळातले चार तासही गेले. ते भरून काढायला त्याच्या हातात एकच गोष्ट उरते, ॲक्सिलरेटर.

याच अमेरिकेत उलटं उदाहरणही आहे. जे. बी. हंट या मोठ्या कंपनीने १९९७ मध्ये ड्रायव्हरांचा मैलाचा दर ठळकपणे वाढवला. अनुभवी माणसं टिकली, नोकरी सोडून जाणारे कमी झाले आणि अपघातही कमी झाले. म्हणून ट्रिपचे पैसे कसे द्यायचे हा विषय अकाउंटच्या टेबलावरच निकालात काढू नये. सुरक्षिततेची चर्चा सुरू करायची तर ती तिथून करावी.

घाटात ब्रेक फेल झाला, तर त्यात मालकाचा काय दोष?

इंग्लंडमधल्या बाथ शहराजवळची फेब्रुवारी २०१५ ची घटना बघा. भरलेला टिपर तीव्र उताराच्या अरुंद रस्त्याने खाली येत होता. ब्रेक लागेनात. खाली चार जण मेले, त्यात चार वर्षांची एक मुलगी होती. ड्रायव्हर विशीच्या उंबरठ्यावरचा पोरगा, जड वाहनाचं लायसन्स नुकतंच हातात पडलेलं.

तपास करणाऱ्यांनी ब्रेक उघडून बघितले, देखभालीचे कागद बघितले, आणि मग कंपनीच्या मालकाला व मेकॅनिकला आरोपी केलं. ड्रायव्हरवरही खटला झाला, पण ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. मालक आणि मेकॅनिक यांना सदोष मनुष्यवधासाठी २०१७ च्या जानेवारीत कैद झाली. मालकाला मेकॅनिकपेक्षा जास्त.

हे शक्य झालं ते तिथल्या परवाना पद्धतीमुळे. ब्रिटनमध्ये ट्रक चालवण्याच्या धंद्यासाठी ऑपरेटर परवाना लागतो. तो घेताना दर किती आठवड्यांनी गाडी तपासणार हे मालक लिहून देतो. १२ वर्षांहून जुनी गाडी असेल तर निदान दर सहा आठवड्यांनी तपासावी, असा सरकारी दंडक आहे. शिवाय ड्रायव्हर रोज निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून तपासणी करतो आणि दोष लिहून देतो. ट्रॅफिक कमिशनर नावाचा स्वतंत्र अधिकारी मालकाला बोलावून हे कागद मागू शकतो आणि परवाना काढून घेऊ शकतो. आपल्याकडे नवी मालगाडी पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि नंतर वर्षातून एकदा पासिंगला जाते. मधल्या काळात ब्रेक लायनर किती झिजला, हे विचारायला कुणी येत नाही.

आता आपला नवले पूल. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार कुणाला माहीत नाही! नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने जवळपास ४८ गाड्या ठोकल्या. सुरुवातीला सगळे ‘ब्रेक फेल’ म्हणाले. तपासात समोर आलं की डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच परिसरात पुन्हा कंटेनर गाड्यांवर आदळला, आग लागली आणि माणसं गेली.

न्यूट्रलमध्ये काय होतं हे नीट समजून घ्या. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की तो आधार गेला, सगळा भार ब्रेकवर. ड्रम तापतात, लायनरची पकड सुटते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; इंजिनच बंद केलं असेल तर ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. ब्रेक दाबला की टाकीतली हवा संपत जाते आणि नवी भरत नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते शंभर टक्के खरं आहे.

पण त्या ड्रायव्हरने न्यूट्रल का केलं? अनेक ठिकाणी ट्रिपचं डिझेल ठोक ठरलेलं असतं. कमी लागलं तर फायदा त्याचा, जास्त लागलं तर त्याच्या खिशातून. असा हिशेब करून देणारा माणूस त्या उतारावर केबिनमध्ये नसतो, म्हणून त्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. बाथच्या खटल्यासारखी चौकशी आपल्याकडे व्हायला हवी ती इथे.

माल भरणाऱ्या कंपनीला अपघाताशी काय देणंघेणं?

ऑस्ट्रेलियात फार देणंघेणं आहे. तिथल्या अवजड वाहनांच्या राष्ट्रीय कायद्यात ‘जबाबदारीची साखळी’ आहे. माल पाठवणारा, पॅक करणारा, भरणारा, वेळापत्रक लावणारा, माल घेणारा आणि गाडीमालक, या साखळीतल्या प्रत्येकावर सुरक्षिततेचं कर्तव्य आहे. २०१८ च्या सुधारणेपासून ते आणखी घट्ट झालं: अपघात व्हायची वाट बघावी लागत नाही, धोका ओढवेल असं वागलं तरी गुन्हा. जाणूनबुजून बेपर्वाई केली तर व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी या कायद्यात नाहीत, त्यांचे नियम वेगळे आहेत.)

आपल्याकडे याचं बीज आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमानुसार ओव्हरलोड गाडी पकडली गेली आणि ड्रायव्हर मालक नसेल, तर ते मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. दंडही २०१९ पासून २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आहे. पण ज्याच्या वजनकाट्यावर गाडी भरली, ज्याच्या गेटपासवर जास्तीचं वजन छापलं गेलं, तो कारखाना मोकळा राहतो. पुरावा त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये पडून असतो.

ड्रायव्हर निघण्याआधी तपासणी म्हणजे फक्त तोंडाचा वास घेणं का?

जपानची ‘तेन्को’ बघण्यासारखी आहे. माल किंवा प्रवासी वाहतुकीचा धंदा करणाऱ्या कंपनीत परीक्षा पास झालेला एक व्यवस्थापक नेमावा लागतो. ट्रिपला निघण्याआधी आणि आल्यावर ड्रायव्हर त्याच्यासमोर उभा राहतो. मशीनमध्ये फुंकर मारतो. २०११ पासून ते सक्तीचं आहे. मग प्रश्न: बरं वाटतंय ना, औषध घेतलंय का, झोप किती झाली? झोपेचा प्रश्न २०१८ मध्ये नियमात स्पष्टपणे घातला गेला. गाडीच्या रोजच्या तपासणीचा कागद तो दाखवतो, व्यवस्थापक त्याला रस्त्याची आणि हवामानाची माहिती देतो, आणि हे सगळं वहीत उतरतं. झोप झालेली नसेल, तर त्याला गाडी द्यायची नाही ही जबाबदारी व्यवस्थापकाची.

याला पाच मिनिटं लागतात. समोरासमोर बघितलं की चेहरा सांगतो. आपल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिलटी हातात देताना हे करायला कुठल्या कायद्याची वाट बघायला नको.

जपानने आणखी एक केलं. एप्रिल २०२४ पासून ड्रायव्हरच्या ओव्हरटाइमवर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली, तेव्हा माल पोहोचणार कसा अशी ओरड झाली. सरकारने माल पाठवणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. गोदामात ट्रक तासन्‌तास उभे करणाऱ्या, भाडं पाडून मागणाऱ्या कंपन्यांना इशारे देण्यासाठी २०२३ मध्ये परिवहन मंत्रालयाने खास निरीक्षक नेमले. न्हावाशेवाच्या रांगेत रात्र काढलेल्या आणि तिथून थेट घाटाकडे निघालेल्या कुठल्याही कंटेनर ड्रायव्हरला याचं मोल कळेल.

लंडनमध्ये ट्रकला ‘स्टार’ देतात म्हणे?

हो. उंच केबिनमधून गाडीला लागून चालणारा माणूस किंवा सायकलवाला दिसत नाही. लंडनने १२ टनांवरच्या ट्रकना, ड्रायव्हरला थेट काचेतून किती दिसतं यावर शून्य ते पाच स्टार दिले. मार्च २०२१ पासून किमान एक स्टार किंवा जादा सुरक्षा साधनं असल्याशिवाय शहरात येता येत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ही अट तीन स्टारची झाली. परमिट नसेल तर ५५० पौंड दंड. स्टार कमी असतील तर कॅमेरे, बाजूने कुणी आलं की वाजणारे सेन्सर बसवावे लागतात.

यात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हा नियम एका शहराने केला. सगळ्या देशाचा कायदा बदलेपर्यंत ते थांबले नाहीत. मुंबई-पुण्यात मेट्रो आणि पुलांच्या कामांवर धावणारे डंपर, मिक्सर यांच्यासाठी टेंडरमध्येच अशी अट घालता येईल.

मागचा लोखंडी बार कशाला? मोडला तर चालतो ना?

अजिबात चालत नाही. कार मागून ट्रकच्या हौद्याखाली घुसली, तर बोनेट खालून निघून जातं आणि हौद्याची कड थेट काचेवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येते. तिथे एअरबॅगचा उपयोग होत नाही. बारने कारला खालीच अडवायचं असतं, म्हणून तो योग्य उंचीवर आणि चेसिसला भक्कम जोडलेला हवा. अमेरिकेने आपला जुना निकष कमजोर असल्याचं मान्य करून २०२२ मध्ये तो कॅनडाच्या पातळीला आणला. आपल्याकडेही मागचा आणि बाजूचा गार्ड सक्तीचा आहे. प्रत्यक्षात रिव्हर्स घेताना वाकलेला, तारेने बांधलेला, नाहीतर लोडिंगला आड येतो म्हणून कापून टाकलेला बार रोज दिसतो. वेल्डिंग करताना भरीव काम करून घ्या आणि त्यावर रिफ्लेक्टरची पट्टी लावा.

ऊसाच्या हंगामात टेललाइटशिवाय चालणाऱ्या ट्रॉल्यांचंही हेच. साखर कारखान्याच्या गेटवरच रिफ्लेक्टर तपासला, तर किती घरं वाचतील.

नशेच्या गोळ्यांबद्दल कुणी काही केलंय का?

ब्राझीलने केलंय. व्यावसायिक जड वाहनांच्या ड्रायव्हरांची केसांवरून चाचणी होते, तिच्यात मागच्या तीन महिन्यांतलं सेवन कळतं. पण जागं राहण्यासाठी गोळी घेणारा माणूस ती हौसेने घेत नाही, ट्रिपची वेळ गाठायला घेतो. तास न सुधारता नुसती चाचणी आणली तर ड्रायव्हर बदलतील, गोळ्या तशाच राहतील.

या देशांत सगळं आलबेल आहे का?

नाही. युरोपात गिअरबॉक्सच्या सेन्सरवर लोहचुंबक लावून टॅकोग्राफ फसवण्याचे प्रकार होत आले आहेत, दुसऱ्याचं कार्ड वापरलं जातं. २०२३ मध्ये जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेन इथे जॉर्जिया, उझबेकिस्तान वगैरे देशांतल्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी महामार्गाच्या थांब्यावर आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या ठेवल्या. ट्रक उभे करायला सुरक्षित जागा तिथेही कमी पडतात. नियम होते, म्हणून त्या ड्रायव्हरांना भांडायला निदान आधार होता.

हे सगळं छोट्या मालकाला परवडणार कसं?

एकट्याने परवडणार नाही, हे मान्य. जो मालक तास पाळेल त्याचं भाडं शेजाऱ्यापेक्षा जास्त होईल आणि काम शेजाऱ्याला मिळेल. म्हणूनच दक्षिण कोरियाने २०२० ते २०२२ कंटेनर आणि सिमेंट वाहतुकीला किमान भाडं बांधून दिलं होतं. भाडं जगण्यापुरतं नसेल तर ओव्हरलोड आणि रात्रीची धाव अटळ आहे, हे तिथल्या ड्रायव्हरांनी संप करून सांगितलं.

आपल्याकडे एक पाऊल पडलं आहे: १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात विदर्भातून जाणाऱ्या ड्रायव्हरसाठी ही चैन नाही. इंजिनाशेजारी तापलेल्या केबिनमध्ये दुपारी झोप लागत नाही, आणि ती झोप मग रात्री स्टिअरिंगवर वसूल होते.

माझ्या दोनच गाड्या आहेत. उद्यापासून काय करू?

डिझेलचा ठोक हिशेब बंद करा, किंवा निदान घाटाच्या मार्गांवर तरी बंद करा. निघण्याआधी ड्रायव्हरशी समोरासमोर बोला, फोनवर नाही. हवेचं प्रेशर, टायर, मागचे दिवे त्याच्याबरोबर फिरून बघा आणि तारीख टाकून लिहा. लायनर किती किलोमीटरवर बघायचे ते ठरवून कॅलेंडरवर टाका. ‘गाडी थांबव आणि झोप’ हे तुम्ही स्वतः सांगितलेलं असलं पाहिजे, नाहीतर तो थांबणार नाही.

कंपनीशी करार करताना काय लिहून घ्यावं?

तीन गोष्टी मागा. पोहोचण्याची वेळ ठरवताना विश्रांतीचे तास धरलेले असावेत आणि ते कागदावर दिसावेत. भरायला-उतरवायला ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागला, तर तासाचं भाडं मिळावं आणि पोहोचण्याची वेळ तितकीच पुढे जावी. फक्त पैसे घेऊन वेळ तीच ठेवली, तर ड्रायव्हरची झोप विकल्यासारखं होईल. आणि कंपनीच्या काट्याची चिठ्ठी प्रत्येक ट्रिपला सहीशिक्क्यासह मिळावी. पहिल्या दोन अटी कंपनी एकदम मान्य करणार नाही. चिठ्ठीला मात्र नाही म्हणणं तिला अवघड जातं, म्हणून सुरुवात तिथून करा आणि त्या चिठ्ठ्या फाइलला लावून ठेवा.